ऑनलाइन मागवलेलं फॉसिल किट आणि आमच्या विहिरीतल्या गोगलगायी, सहा महिने वापरून मग लिहितोय

दिवाळीच्या सुट्ट्यांत पुतणीसाठी फॉसिल, म्हणजे दगड झालेले जुने जीव, शोधायचं एक किट ऑनलाइन मागवलं होतं, १,८५० रुपयांचं. रिव्ह्यू तेव्हाच लिहिणार होतो पण म्हटलं आधी नीट वापरू, कारण डबा उघडल्या उघडल्या पाच स्टार देणारे लय असतात आणि त्यांचं वाचून दुसरा माणूस पैसे घालवतो. आता सहा महिने झाले, किटमधल्या अर्ध्या वस्तू बाजूला पडल्या, एक वस्तू मात्र माझ्या खिशातून निघत नाही, त्यामुळे आता सविस्तर लिहितो. कंपनीचं नाव टाकत नाही कारण हाच डबा तीन-चार नावांनी विकला जातो, आतला माल सारखाच दिसतो.

आधी आमच्याकडं हे खूळ आलं कुठून ते सांगतो, नाहीतर वर्धा जिल्ह्यातल्या खेड्यात कापूस-सोयाबीन करणाऱ्या माणसाला फॉसिलचं काय पडलंय असं वाटेल. आमचं वावर समुद्रपूर तालुक्यात, गिरडपासून जवळच. वर काळी माती, खाली मुरूम, त्याच्या खाली काळा पाषाण, सगळीकडं असंच. तीन वर्षांमागं विहीर खोदली तेव्हा बावीस फुटांवर काळा दगड अचानक संपला आणि दीडेक फुटाचा पांढुरका करडा थर लागला, इतका कडक की सुरुंगालाही लवकर दाद देईना, आणि तो संपला की खाली परत तोच काळा पाषाण. मलबा धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, टाकून दिला आणि विसरलो. मागच्या पावसाळ्यात तो ढीग धुऊन निघाला आणि पुतणी, आठवीत आहे, एक गोटा घेऊन आली, "काका, याच्यात गोगलगायी आहेत, पण या दगडाच्या काहून झाल्या?" मला उत्तर येत नव्हतं. तिथून सुरुवात.

उत्तर नंतर कळलं ते इथंच सांगून टाकतो. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी आपल्या भागावर लाव्हा पसरला, तो एकदम नाही आला, थर येऊन थंड व्हायचा, मग कित्येक वर्षं शांतता, तेवढ्यात त्याच्यावर तळी साचायची, झाडं उगवायची, गोगलगायी, मासे, सगळं, आणि मग वरून पुन्हा लाव्हा. दोन लाव्ह्यांच्या मधे दबलेला तळ्याचा गाळ म्हणजे आमच्या विहिरीतला तो दीड फुटाचा थर. त्याला इंटरट्रॅपियन म्हणतात. पूर्व विदर्भ म्हणजे या लाव्ह्याच्या पसाऱ्याचा काठ, इथं थर पातळ होत जातात, म्हणून असे गाळाचे थर विहिरीत, नाल्याच्या काठाला, खदानीत उघडे पडतात. म्हणजे फॉसिल बघायला फार लांब जायची गरज नाही, शेजाऱ्याच्या विहिरीचा मलबा पुरतो.

आता किट. कुरिअर आमच्या गावात येत नाही, समुद्रपूरहून जाऊन आणावं लागलं. पहिल्या डब्यातलं भिंग तडकलेलं निघालं, आणि तक्रार केल्यावर फोटो पाठवा, व्हिडिओ पाठवा, डबा उघडतानाचा व्हिडिओ आहे का, असं करत अकरा दिवस गेले, सुट्ट्या संपत आल्या तेव्हा बदलून आलं. मागवणार असाल तर डबा उघडताना फोनवर रेकॉर्डिंग करून ठेवा, त्याच्याशिवाय ते ऐकत नाहीत.

डब्यात एक हातोडी, एक छिन्नी, चष्मा, दोन ब्रश, भिंग, एक ड्रॉपरची बाटली, प्लास्टिकच्या पिशव्या, कप्प्यांचा डबा, ओळख पटवायचं पुस्तक आणि प्लास्टरची एक वीट, जी खोदली की आतून दात निघतात. विटेचं लगेच सांगतो, लहान पोट्ट्यांना अर्धा तास मजा येते, बाकी उपयोग नाही.

हातोडी घेऊच नका. दिसायला एकदम खरी, एका बाजूनं चौकोनी, दुसऱ्या बाजूनं चपटी धार, रबरी मूठ. दुसऱ्याच दिवशी काळ्या पाषाणावर चार घाव घातले आणि डोक्याची खपली उडाली, माझ्या बाहीला भोक पाडून गेली. पुतणी दोन हात लांब उभी होती. तिच्या डोळ्यावर चष्मा होता पण तो ढिला, नाकावरून घसरणारा, आणि त्या क्षणाचा विचार केला की आजही अंगावर काटा येतो. गावातल्या लोहारमामांना दाखवली, त्यांनी दगडावर वाजवून आवाज ऐकला आणि म्हणाले, "भाऊ, हे बीड आहे, पोलाद नाही. याले पाणी देऊन बी काही होत नाही." मग त्यांनीच ट्रकच्या कमानीच्या पाट्यापासून एक छिन्नी आणि सब्बलीच्या तुकड्यातून एक छोटी हातोडी करून दिली, बाभळीचा दांडा, दोन्हीचे ३५० रुपये. सहा महिन्यांत धार दोनदा लावली बस. चष्मासुद्धा हार्डवेअरच्या दुकानातून ग्राइंडरवाले घालतात तो पांढऱ्या काचेचा घेतला, ६० रुपये, मागं रबर असलेला, लेकराच्या डोक्याला घट्ट बसतो.

आणि खरं सांगू का, हातोडी लागतेच किती. उभा खडक फोडायचाच नाही असं आम्ही ठरवलंय. विहिरीचा मलबा, नाल्यातले गोटे, वखरणी झाल्यावर वर आलेले दगड, एवढ्यातच इतकं मिळतं की फोडायची वेळ येत नाही, आणि फोडायला गेलं की दहातले आठ वेळा फॉसिलचाच तुकडा पडतो. छिन्नी वापरतो ती फक्त चिकटलेली माती आणि मुरूम काढायला.

भिंग. याच्यासाठी मी हा सगळा रिव्ह्यू लिहितोय. दहापट मोठं दाखवणारं, घडी होणारं, काच आपल्या एक रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडी लहान. पहिले दोन आठवडे आम्ही ते चुकीचं धरत होतो, हातात लांब धरून दगडावर न्यायचं, जसं सिनेमात दाखवतात, आणि काहीच धड दिसेना म्हणून मी वैतागलो होतो. खरी पद्धत अशी की भिंग थेट डोळ्याला लावायचं, चष्मा घातल्यासारखं, गालाला हात टेकवून, आणि मग दगड हळूहळू जवळ आणायचा, साधारण इंचभरावर आला की एकदम लख्ख दिसतं. ऊन पाठीमागून किंवा बाजूनं दगडावर पडलं पाहिजे. दगड आधी पाण्यात बुडवून घ्या, ओल्या दगडात रंग उठतो, पॉलिश केल्यासारखा.

असं पहिल्यांदा नीट पाहिलं तो सकाळचा सात-साडेसातचा वेळ होता, धुऱ्यावर बसलो होतो. करड्या दगडात बोटाच्या पेराएवढी गोगलगाय, नुसत्या डोळ्यांना पांढरा डाग वाटणारी. भिंगातून पाहिलं तर शिंपल्याच्या जागी सगळी गार, म्हणजे गारगोटीचा दगड, भरलेली, निळसर पारदर्शक, साबुदाणा शिजल्यावर दिसतो तशी, आणि वळशावर वळसा, मधला दांडा, आणि वळशांच्या मधे एक पोकळी राहिली होती तिच्यात साखरेच्या दाण्यापेक्षा बारीक स्फटिक उभे. पुतणीनं पाहिलं आणि बराच वेळ काही बोललीच नाही.

या गोगलगायीची ओळख कशी पटवायची तर दगड असा धरा की टोक वर आणि तोंड तुमच्याकडं. तोंड डाव्या हाताला उघडत असेल तर ती फायसा. गावच्या तलावात, बोडीत मिळणाऱ्या मोठ्या गोगलगायींचं तोंड बहुतेक उजवीकडं असतं, म्हणून फरक चटकन कळतो. दख्खनच्या या थरांतली जी सगळ्यात ओळखीची आहे तिचं नाव फायसा प्रिन्सेपी, १८४० मध्ये पडलेलं नाव आहे ते, हल्ली वंशाचं नाव बदलून प्लॅटिफायसा लिहितात. उजव्या तोंडाच्या पण निघतात, त्यात लिम्निया आणि पॅलुडिना ही जुनी नावं पुस्तकांत दिसतात. एक गंमत आहे, दगडात नुसता ठसा असेल, म्हणजे गोगलगाय निघून गेली आणि खळगा राहिला, तर डावं-उजवं उलटं दिसतं, तिथं आम्ही दोनदा चुकलो. मग खळग्यात मळलेली कणीक दाबून साचा काढायचा, तो बघायचा. ही युक्ती पुतणीची, कुठल्या पुस्तकात वाचलेली नाही.

आता घरातली गोष्ट. आमच्या मोरीजवळ कपडे धुवायचा एक गोटा आहे, दीड-पावणेदोन फूट लांब, तपकिरी, माझ्या आजोबांनी नांगरटीत सापडला म्हणून बंडीत घालून आणला होता असं बाबा सांगतात. आईनं चाळीस वर्षं त्याच्यावर कपडे धुतले, वरची बाजू घासून घासून काचेसारखी गुळगुळीत झालेली. भिंग नवीन होतं त्या दिवसांत पुतणी घरातलं सगळं त्याच्यातून बघायची, मीठ, तुरीची डाळ, मुंगी, आणि असंच एक दिवस तो गोटा पाहिला आणि ओरडली, "काका, याच्यात ठिपके आहेत, सारखे सारखे!" मी पाहिलं तर खरंच, कडेला दाट आणि मधे विरळ असे गोल ठिपके, प्रत्येक ठिपक्यात परत बारीक छिद्रं. मला ओळखीचं वाटत होतं पण आठवेना. बाबा खाटेवर बसले होते, त्यांनी विचारलं कसं दिसते, मी सांगितलं, ते म्हणाले, "ज्वारीचं धांडं विळ्यानं आडवं कापून पाय ना." कापलं. तंतोतंत तेच. दगडातलं झाड आणि आमच्या वावरातलं धांडं एकमेकाशेजारी ठेवून पाहिलं.

ताड-शिंदी-नारळ ही झाडं आणि ज्वारी-मका-ऊस हे सगळे एकदल, यांच्या खोडात पाणी वाहणाऱ्या नळ्या अशा सुट्या जुड्यांनी पसरलेल्या असतात. साग, बाभूळ, कडुलिंब यांच्यात तसं नसतं, त्यांच्यात वर्तुळं किंवा पेशींच्या रांगा दिसतात. फोटो काढून नागपूरच्या एका कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवणाऱ्या सरांना पाठवले, त्यांनी सांगितलं की हे ताडकुळातलं दगड झालेलं लाकूड आहे, अशा लाकडाला पामोझायलॉन म्हणतात आणि दख्खनच्या या थरांत ते भरपूर मिळतं. झाडांच्या फॉसिलचे मोठे शास्त्रज्ञ बिरबल साहनी, त्यांनी सीमेपलीकडच्या छिंदवाडा जिल्ह्यातल्या मोहगाव कलां इथल्या अशाच दगडांतली झाडं अभ्यासली, म्हणजे ज्या दगडांवर जगभर लिहिलं गेलं तसलाच एक आमच्या मोरीत. आईनं ऐकून घेतलं, त्या दगडावरून एकदा हात फिरवला आणि म्हणाली, "म्हणून कधी झिजला नाही."

पुस्तकाबद्दल मात्र राग आहे माझा. चाळीस पानं, रंगीत छपाई, कागद चांगला, पण सगळं दुसऱ्यांच्या जमिनीचं. आम्ही मोजलं, बासष्ट फोटोंपैकी आमच्या उपयोगाचे दोन, एक दगडी लाकूड आणि एक शेणाचं फॉसिल. बाकी ट्रायलोबाइट, अमोनाइट, शार्कचे दात, समुद्रातलं सगळं. अमोनाइट पाहिजे तर कच्छला जा, स्पितीला जा, तामिळनाडूत अरियलूरला जा. आमच्याकडचे हे लाव्ह्यामधले थर तळ्यांचे आणि नद्यांचे, इथं समुद्रातला अमोनाइट शोधत बसलं तर जन्म जाईल. माझी पुतणी पहिले पंधरा दिवस अमोनाइट शोधत होती आणि मिळत नाही म्हणून हिरमुसली होती, त्या पुस्तकामुळं. भारतात विकता तर दोन पानं तरी इथली टाका ना, फायसा टाका, पामोझायलॉन टाका, चंद्रपूरच्या कोळसा पट्ट्यातलं ग्लॉसोप्टेरिसचं पान टाका, लांब जिभेसारखं, मधे शीर आणि बाजूला जाळी, ते तर लेकरांना लगेच ओळखता येतं.

आणि काय फॉसिल नाही, याच्यावर पुस्तकात एक ओळ नाही, जे नवीन माणसाला सगळ्यात आधी पाहिजे. आमच्याकडं फसवणारे गोटे इतके आहेत. गिरडची टेकडी सगळ्यांना माहीत आहे, शेख फरीद बाबांचा दर्गा, तिथले गोल गोटे म्हणजे बाबांची थट्टा करणाऱ्या व्यापाऱ्यांचे नारळ वगैरे माल दगड झाला अशी आख्यायिका पिढ्यान्‌पिढ्या सांगतात, इंग्रजांच्या गॅझेटियरमध्येही ती लिहून ठेवलेली आहे. श्रद्धेच्या जागी श्रद्धा, त्या टेकडीवरचा एकही गोटा आम्ही उचलला नाही. पण तसले गोटे इतर ठिकाणीही सापडतात आणि ते फॉसिल नव्हेत, झिओलाइट. लाव्ह्यात वायूचे बुडबुडे अडकले, नंतर त्या पोकळ्यांत खनिज भरत गेलं, वरचा पाषाण झिजला की आतली गोळी सुटी होते. भिंगातून पाहिलं तर मधून निघालेल्या सुया किंवा मोत्यासारखे चमकणारे पापुद्रे दिसतात, पेशी नाहीत, वळसे नाहीत.

दुसरं म्हणजे दगडाच्या फटीत फर्नच्या पानासारखी काळी नक्षी. आम्ही तीन दिवस खुशीत होतो. ते झाड नाही, मँगनीज आणि लोहाचं पाणी फटीत झिरपून वाळल्याची नक्षी, त्याला डेंड्राइट म्हणतात. ओळख अशी की पानाला मधली शीर असते, दोन्ही बाजू जुळतात, याला फांद्या कशाही फुटलेल्या असतात आणि सगळी नक्षी एका पातळ फटीतच असते. तिसरं, काळ्या मातीतले चुनखडीचे खडे, हाडासारखे वाकडे, गाठीचे, पांढरे. शंभरातले नव्याण्णव "हाडं" हीच असतात. यांच्यासाठी किटमधली ड्रॉपरची बाटली कामाची होती, पण ती पहिल्याच दिवशी गळली, मग जुनी डोळ्याच्या थेंबांची बाटली धुऊन त्यात किराणा दुकानातलं व्हिनेगर भरलं. दगड थोडा खरवडून त्या भुकटीवर थेंब टाकला की चुनखडी फसफसते, गार ढिम्म राहते. संडासात टाकायचं ॲसिड काही लोक वापरतात, ते लेकरांच्या हातात अजिबात देऊ नका.

हाड ओळखायला दगड जिभेला लावायचा, चिकटला तर हाड, असं ऑनलाइन सगळीकडं लिहिलेलं असतं. हाडाला बारीक छिद्रं असतात म्हणून ते ओल ओढतं आणि चिकटतं, हे खरं आहे, पण बाप्पा, आपल्या पराठीच्या, म्हणजे कपाशीच्या, वावरात किती फवारण्या होतात ते आपल्याला माहीत आहे. तिथला गोटा जिभेला लावायचा नाही म्हणजे नाही. ओलं बोट लावून बघा, आणि भिंगातून ब्रेडसारखी जाळी दिसते का ते बघा, तेवढं पुरतं.

फोनवरच्या ओळखणाऱ्या ॲपचा अनुभवही सांगतो, कारण पुष्कळजण विचारतात की किट कशाला, ॲप आहे ना. एकाच गोट्याचे तीन फोटो तीन बाजूंनी काढले, तीन उत्तरं आली, त्यात एक उल्का होतं. त्याच्या भरवशावर राहू नका.

जानेवारीत आम्ही मोटरसायकलनं वरोरा तालुक्यातल्या पिसदुऱ्याला गेलो. हे गाव नाव ऐकलं नसेल पण फॉसिलच्या जगात लय मोठं आहे. लाव्ह्याच्या खालचा, म्हणजे त्याच्याही आधीचा लॅमेटा थर तिथं उघडा आहे, त्यात डायनासोरची हाडं आणि शेणाची फॉसिल, ज्यांना कॉप्रोलाइट म्हणतात, ती निघाली. १८४५ मध्ये नागपूरला आलेले मिशनरी स्टीफन हिस्लॉप, ज्यांच्या नावानं हिस्लॉप कॉलेज आहे, त्यांनी तिथली हाडं गोळा केली होती, आणि नागपूरच्या टाकळीचे फॉसिलही त्यांनीच उजेडात आणले. मग २००५ मध्ये त्या शेणगोळ्यांत गवताचे सूक्ष्म कण सापडल्याचं प्रसिद्ध झालं. तोपर्यंत डायनासोरच्या काळात गवत नव्हतंच असं बहुतेकांना वाटायचं. २०११ मध्ये त्यातले काही कण धानाच्या कुळातल्या गवताचे असल्याचंही मांडलं गेलं. आपल्या झाडीपट्टीतला धान आणि त्याच्या कुळाचा एवढा जुना पुरावा शेजारच्याच जिल्ह्यात, मला हे कळलं तेव्हा रात्री झोप आली नाही. जवळच डोंगरगाव, तिथून निघालेल्या लांब मानेच्या डायनासोरला आज इसिसॉरस म्हणतात, १९९७ मध्ये त्याचं वर्णन झालं आणि २००३ मध्ये हे नाव मिळालं, इसि म्हणजे कोलकात्याची इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट.

तिथं वावरात तूर उभी होती. आम्ही मालकाला विचारलं, त्यानं धुऱ्याधुऱ्यानं जाऊ दिलं. आम्ही काही उचललं नाही. गोळे पाहिले, भिंगातून पाहिले, जागेवर ठेवले. पोती भरून नेणारे येतात असं तो म्हणाला, आणि ते ऐकून वाईट वाटलं, कारण गोळा कुठल्या थरातून निघाला हे गेलं की तो नुसता गोटा राहतो. जंगलातून तर दगडही उचलता येत नाही, १९२७ च्या वन कायद्यात जंगलातला दगड, मातीसुद्धा वनउपज धरलेली आहे. भूवारसा जपण्यासाठी केंद्राच्या खाण मंत्रालयानं डिसेंबर २०२२ मध्ये कायद्याचा मसुदा काढला होता. आपल्या वावरातल्या गोगलगायी घरी आणा, पण हाड किंवा दात वाटेल असं काही दिसलं तर जागेवरच फोटो काढा आणि नागपूरला सेमिनरी हिल्सवर जीएसआयचं, म्हणजे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं, ऑफिस आहे तिथं किंवा एखाद्या कॉलेजच्या भूगर्भशास्त्र विभागात कळवा.

किटमध्ये जे नाहीच आणि ज्याच्याशिवाय सगळं वाया, ते म्हणजे वही. तीस रुपयांची दोनशे पानी. आमची पद्धत अशी, गोट्याच्या मागं व्हाइटनरचा ठिपका, वाळला की त्यावर काळ्या पेनानं नंबर, आणि वहीत त्या नंबरसमोर तारीख, कुणाचं वावर, मलब्यात की नाल्यात, फोनवरचं लोकेशन, आणि दहा रुपयाचं नाणं शेजारी ठेवून फोटो, म्हणजे मोजमाप कळतं. पहिले वीसेक गोटे आम्ही नंबर न टाकता डब्यात भरले, आज त्यातले कुठले कुठून आणले ते सांगता येत नाही आणि सरांनी सर्वांत आधी तेच विचारलं होतं. किटमधला कप्प्यांचा डबा छोटा आहे, सुपारीएवढं ठेवायला ठीक. मोठ्यांसाठी अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे, किराणावाला फुकट देतो.

ब्रश चांगले आहेत, अजून टिकलेत. पिशव्या पातळ, फाटतात.

कधी जायचं विचाराल तर डिसेंबर ते फेब्रुवारी, किंवा जूनच्या पहिल्या दोन-तीन पावसांनंतर पेरणीच्या आधीचे चार दिवस, तेव्हा गोटे धुऊन चकाचक वर आलेले असतात. ओल्या काळ्या मातीत मात्र पाय जड होतात, तेव्हा नाल्याच्या गोट्यांवरच थांबा. मे महिन्यात अकरानंतर बाहेर राहू नका. गोटा उलटताना काठीनं उलटा, खाली विंचू असतो, आमच्या बाबतीत दोनदा होता. आणि कठडा नसलेल्या विहिरीच्या काठावर लेकरांना जाऊ देऊ नका, मलबा बघायला विहिरीत डोकवायची गरजच नाही.

तर स्टार द्यायचे झाले तर भिंगाला पाच, ब्रशला चार, बाकी किटला दीड. पूर्ण डबा परत मागवणार का म्हणाल तर नाही. सुटं दहापटीचं भिंग तीनेकशे रुपयांत मिळतं, लोहाराची हातोडी-छिन्नी, हार्डवेअरचा चष्मा, वही, व्हिनेगर, सगळं मिळून आठशेच्या आत बसतं. गडचिरोलीकडचे असाल तर आधी सिरोंचा तालुक्यातलं वडधमचं फॉसिल पार्क बघून या, दगडी झाडांचे अख्खे ओंडके तिथं आहेत, आमचं जायचं राहिलंय, मोटरसायकलनं लांब पडतं.

मोरीतला गोटा सरांनी कॉलेजला द्याल का म्हणून विचारलं होतं, आम्ही घरात बसून ठरवलं की फोटो, माप आणि एक छोटा तुटका तुकडा द्यायचा, आणि गोटा जागेवर ठेवायचा. वहीत त्याचा नंबर ४७ आहे. कपडे धुताना व्हाइटनर निघून जातो, म्हणून दर रविवारी पुतणी परत ठिपका देते आणि नंबर टाकते, आणि तो वाळेपर्यंत आई बादली घेऊन थांबते.